अण्णांच्या बोलण्याचा ग्राफ

९ जानेवारी १९९४, रविवार
स्पीच थेरपीच्या मॅडमनी आज गृहपाठ दिला. अण्णांना नव्हे, मला. घरात अण्णा आपणहून जे शब्द बोलतील ते मोजायचे आणि त्याचा ग्राफ काढून आणायचा. म्हटलं, मॅडम, शेतकी ऑफिसात मी दिवसभर तेच करते, नाचणीचे ग्राफ, पावसाचे ग्राफ. त्या हसल्या. "मग सोपंच की तुम्हाला."
दसऱ्यानंतर अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून अण्णांचा हात बराच सुधारलाय. जीभ तेवढी रुसून बसलीये. मॅडम मूळच्या बेळगावच्या, शिकवतात मराठीतून. बंगळूरात असं कोणी मिळणं म्हणजे नशीबच आमचं.
मोजायला चिंचोके घेतले. एक शब्द, एक चिंचोका, आईच्या पितळी वाटीत. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की सुरू. दिवसा समोरचे नंजप्पा त्यांच्यासोबत बसतात, त्यांच्या मागे कुठे ही कटकट लावू.

१५ जाने., शनि.
आज: "पाणी." "नको." "वत्सू." माझं नाव आलं तेव्हा चिंचोका हातातून घरंगळून ओट्याखाली गेला. शोधून काढला, धुतला, मग वाटीत टाकला.

२३ जाने., रवि.
कुठला ग्राफ? दिवस पुढे सरकत असतील तर रेघ, हा ऑफिसातला पहिलाच धडा. गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या तर बार, उभे खांब. एका अख्ख्याचे तुकडे दाखवायचे तर पाय, म्हणजे गोल चकतीच्या फोडी. (पायला अण्णा होळगी म्हणायचे, म्हणजे पुरणपोळी. दुकानातून ऑफिसात मला न्यायला आले की टेबलावर वाकून, "आज कुणाची होळगी कापलीस?")
तेव्हा रेघ. ट्रेसिंग पेपरवर निळी शाई. खिडकीचा उजेड कागदातून वर येतो तेव्हा आपण पाण्यावर लिहितोय असं वाटतं. किती वेळ नुसती बघत बसले.
रेघ खाली चाललीये.

३ फेब्रु., गुरु.
चिंचोके कमी कमी. अण्णा माझ्याकडे बघतात, ओठ हलतात, मग मान वळवून खिडकीबाहेर. काल जेवताना मीठ हवं होतं. बोट दाखवलं.
मला राग आला. त्यांचा नाही. कुणाचा ते कळत नाही.
ऑफिसात नवा कॉम्प्युटर आलाय. साहेबांना आता सगळ्याचे रंगीत पाय हवेत. नाचणीची दर वर्षीची उंची सुद्धा पायमध्ये घालून मागितली. म्हटलं सर, वर्षावर्षाच्या उंच्या जोडून कुठली अख्खी नाचणी होते? म्हणाले, "पण दिसतं छान." दिसलं खरं छान.

१३ फेब्रु., रवि.
धाकट्या भावाचा, नंदूचा, पुण्याहून फोन. रिसीव्हर अण्णांच्या कानाला लावला. ते नुसते ऐकत राहिले. पलीकडे नंदू "अण्णा, बोला ना, अण्णा" करत होता. शेवटी मी घेतला. त्याचा आवाज चिरकला होता.
"अक्का, तो ग्राफ मला पाठव. इथल्या न्यूरोवाल्याला दाखवतो."
झेरॉक्स काढून पाठवते उद्या. रेघ सुबक आली आहे याचा आनंद का व्हावा मला?

२७ फेब्रु., रवि.
नंदूने ग्राफ पाहिला. "हे स्ट्रेट खाली चाललंय, अक्का. तिथे दिवसभर कानावर मराठी पडतं कुठे? तू ऑफिसात. इथे सगळीकडे मराठीच. मी पाडव्याला येतो आणि घेऊन जातो. तुलाही जरा रेस्ट." बायकोने खोलीही तयार केलीय म्हणाला. चांगली आहे ती. नंदूही चांगलाच आहे. म्हणून तर काही बोलता येईना.
फोन ठेवल्यावर अण्णांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.
घर रिकामं कसं दिसेल याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि मग तोच केला. त्यांची आरामखुर्ची. तिच्याखालचा फरशीचा गुळगुळीत झालेला भाग.

५ मार्च, शनि.
पहाटेचं स्वप्न. माझी निळी रेघ जयनगरच्या रस्त्यासारखी लांब झाली होती, दोन्हीकडे जॅकरांडा, आणि अण्णा धोतर सावरत तिच्यावरून उतरत चालले होते. सावकाश, दुकान बंद करून यावं तसे. मी हाक मारत होते, ते मागे बघत होते, थांबत नव्हते. जाग आली तरी जांभळं जांभळंच दिसत होतं.

१० मार्च, गुरु. शिवरात्र, सुट्टी
सकाळी न्हाऊन केस वाळवायला पुढच्या खोलीत आले. एरवी या वेळी मी बसमध्ये असते. रविवारी घरी असते, पण रविवारी नंजप्पा आनेकलला मुलीकडे जातात. आज दोघं बाहेर कट्ट्यावर होते.
आणि अण्णा बोलत होते.
कन्नडमध्ये. अडखळत, पण एकामागून एक. रस्त्यावरची फुलं दाखवून "हूवु." फुलवालीला "बन्नि, बन्नि," या, या. नंजप्पांनी काहीतरी चिडवलं, तर हसून "होगप्पा!" जा रे बाबा म्हणतात तसं.
मी दाराआड उभी. केसांचं पाणी पाठीवरून खाली. वाटीत टाकायला चिंचोकेच पुरले नसते.
मग अण्णा काठी टेकत उठले, चपला काढल्या, उंबरठा ओलांडून आत आले, मला पाहिलं, आणि तोंड बंद.
"चपला बाहेर, कन्नड बाहेर." त्यांचाच नियम. आजोबांच्याही आधीपासून आम्ही इथले, घरातलं मराठी टिकायचं तर असंच करायला हवं म्हणायचे. शाळेतून कन्नड बडबडत आत शिरलो की नंदूला आणि मला परत पायरीवर उभं करायचे. आत येऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, मराठीत.
नियम त्यांनी मोडलेला नाही. मराठी येईना, म्हणून आत गप्प. इतके महिने.
आणि मी फक्त आतले शब्द मोजत होते.

११ मार्च, शुक्र.
नंजप्पांना विचारलं, मला सांगितलं का नाहीत? ते चकित. "मला वाटलं, बाहेर एवढं बोलतात म्हणजे घरात लेकीशी याहून जास्त बोलत असतील."
रडू आलं. आनंदाचं, आणि खोटं कशाला लिहू, थोडं मत्सराचंही. फुलवालीला बन्नि आणि मला बोट.

१६ मार्च, बुध.
परवा मॅडमना सांगितलं. कपाळावर हात मारला त्यांनी. "मीही मराठीतच विचारत राहिले हो. जी भाषा येतेय ती येऊ द्या. दोन्ही मोजा."
आता दोन वाट्या. म. साठी चिंचोके, क. साठी अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दाणे. सकाळची मोजणी नंजप्पांकडे. पहिल्याच दिवशी त्यांची वाटी शीग लावून भरलेली. एवढे? मग कळलं, स्वतःचे शब्दही टाकले होते. बिचारे ओशाळले. "मीही बोलत होतो ना, अम्मा."
आज संध्याकाळी धीर केला. स्वयंपाकघरात, अगदी आत, आईच्या फोटोसमोर: "अण्णा, काफी बेका?" कॉफी हवी का.
त्यांनी उंबरठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला पायरीवर उभं करतील असं एक क्षण वाटलं.
"स्वल्प," म्हणाले. थोडी.
लोटाभर केली.

२० मार्च, रवि.
आज सगळा दिवस कागदावर. नंदूला दाखवायचा ग्राफ कुठला?
दोन रेघा काढून पाहिल्या. क. वर जाते, म. खाली, मध्ये कात्री. एक दुसरीला खातेय असंच वाटतं. नंदू खाणाऱ्या रेघेकडे बघणारच नाही, खाल्ल्या जाणाऱ्या रेघेकडेच बघेल.
पाय काढला. म.ची फोड इतकी बारीक की आत अक्षर मावेना. अण्णांच्या बोलण्यातली आमच्या वाटची होळगी तेवढीच. पाय फाडला.
शिवाय पाय सगळ्यांना एकाच मापाचा करतो. माणूस दिवसात चार शब्द बोलो की चारशे, वर्तुळ तेवढंच.
मग एकावर एक रचलेले बार. एका दिवसाचा एक, खाली एक भाषा, तिच्यावर दुसरी. पूर्ण उंची म्हणजे अण्णांचं सगळं बोलणं, मग ते कुठल्याही भाषेतलं असो. उंची वाढतेय! रेघेत हे दिसणारच नव्हतं. जुन्या दिवसांना क.ची मोजणीच नाही, तिथे बारवर पेन्सिलीने तुटक चौकट काढून आत लिहिलं: "मोजलं नाही." शून्य नव्हे.
उभी पट्टी शून्याऐवजी वरच्या आकड्यापासून सुरू केली तर चढ दुप्पट दिसेल. नंदूला कळणारही नाही. पेन्सिल तिथे टेकवलीही होती. अण्णा इथेच राहावेत असं मला किती वाटतं ते त्या पेन्सिलीला ठाऊक. पण शून्यच ठेवलं.

२६ मार्च, शनि.
एक राहिलंच. खाली कोण? खालच्या रंगाला जमीन असते, त्याचं वाढणं-घटणं सरळ दिसतं. वरचा तरंगत असतो.
सवयीने म. खाली ठेवलं होतं. घर आधी. पण मग क. जिन्यात उभं राहिल्यासारखं दिसतं. आज सगळं पुसून क. खाली घेतलं. अण्णा सध्या ज्यावर उभे आहेत ते खाली.
ते करताना वाईट वाटलं. आईला काय सांगू, असं.

२ एप्रिल, शनि.
आता घरात दोघं कन्नड बोलतो, चोरून खाल्ल्यासारखं. मला मजा येते. त्यांनाही, बहुतेक.
आज कुकरची शिट्टी झाली तर स्वतः ओरडले, "वत्सू, गॅस!" गॅस कुठल्या वाटीत? दोन्हीत एकेक टाकला. चालतं एवढं.

९ एप्रिल, शनि.
नंदू आला. परतीची दोन तिकिटं खिशात, एक अण्णांचं. आल्या आल्या पाया पडला. अण्णांनी त्याच्या केसांतून हात फिरवला, बोलले नाहीत. नंदूने माझ्याकडे असं पाहिलं की, बघ.
ग्राफ दाखवला. बराच वेळ बोटाने बार चाचपत होता.
"आधी तर रेघ होती."
"रेघ चुकीची होती. म्हणजे रेघ बरोबर होती, मी कुठे उभी राहून मोजलं ते चुकलं."
"पण वरचा रंग तर कमीच आहे, अक्का."
"आहेच कमी."
"मग तिकडे मराठीत राहिले तर वाढेल की."
"आणि खालचा कुणाशी बोलतील तिकडे?"
त्याने कागद खाली ठेवला. हळूच, "माझ्याशी फोनवर एक शब्द नाही बोलले गं. झटका आल्यापासून." तेव्हा कळलं, हा न्यायला नाही आलेला, ऐकायला आलाय. त्याला जवळ घेतलं. टक्कल पडायला लागलंय माझ्या धाकट्याला.

११ एप्रिल, सोम. पाडवा
सकाळी गुढी उभारली. गूळ-कडुलिंब हातावर दिला. नंजप्पा त्यांच्याकडचा बेवु-बेल्ला घेऊन आले, तेही तेच. दोन्ही घरांचं कडू तोंडात घेऊन सगळे कट्ट्यावर बसले.
मी दारात. नंदू अण्णांच्या पायाशी पायरीवर, लहानपणी उभा राहायचा त्याच पायरीवर. पुण्यात त्याचं कन्नड पार गंजलंय. शब्द गोळा करत होता, ओठातल्या ओठात पाठ करत होता, मला दिसत होतं. मग म्हणाला, "अण्णा... पुणेगे... बरतीरा?" पुण्याला याल का?
मी रेघ काढली, बार काढले, नंदूने तिकिटं काढली. हे त्यांना कोणीच विचारलं नव्हतं.
अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. झाडावरून एक जांभळं फूल त्यांच्या मांडीवर पडलं, ते उचलून नंदूच्या तळहातावर ठेवलं.
"नोडोण," म्हणाले. बघू.
नंदू हसला आणि रडायलाच लागला.
गाडी परवाची. तिकिटं कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली आहेत, दोन्ही. आजची वाटी अजून स्वयंपाकघरात आणलेली नाही. बाहेर अण्णा नंदूला काहीतरी सांगतायत, आणि नंदू "काय? काय अण्णा?" विचारतोय, आणि ते पुन्हा सांगतायत.