चतुर्दशीचं श्राद्ध

बाबा, यंदाही काकांचं श्राद्ध चतुर्दशीलाच घातलं. पितृपक्षातली ती तिथी शस्त्रानं गेलेल्यांची, हे तुम्हीच मला राम घाटावर शिकवलंत. "माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशच्या लढाईत छातीवर गोळी झेलून गेला," असं तुम्ही गुरुजींना दरवर्षी सांगायचात. एकदा मी म्हटलं, "बाबा, त्यांना माहीत आहे आता," तर सगळ्या घाटासमोर माझा कान पिळलात. फार लागलं होतं हो.

तुम्ही गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. बँकेतून सुट्टी काढायची, घाटावर जायचं, घरी येऊन काकूच्या हातचं जेवायचं. काकू आता थकली आहे. मागच्या चतुर्दशीला खीर ढवळता ढवळता म्हणाली, "तू शिकलेला आहेस. हे एकदम गेले की तडफडले, तेवढं शोधून दे रे. मग मी सुखानं डोळे मिटीन." पन्नास वर्षांत तिनं आपल्याकडे काही मागितलं नव्हतं. नाही कसं म्हणणार?

मग सुरू झाल्या चकरा. लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला चार पत्रं घातली. एसटीडी बूथवर घामाघूम होऊन फोन लावावा, तर पलीकडचा बाबू म्हणणार, "पुराना मामला है साहब, टाइम लगेगा." इथे शेजारी डिश लावून सगळं जग बघताहेत, आणि माझ्या काकांचा एक कागद वर्षभर सापडत नाही! जीव अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बँकेच्या पत्त्यावर उत्तर आलं. काका पलटणीत स्वयंपाकी होते. हगवणीनं गेले, आसामातल्या लष्करी इस्पितळात, तीन आठवडे पडून. खाली एक ओळ होती की ही बातमी त्याच वेळी धाकट्या भावाला कळवली आहे. म्हणजे तुम्हाला. बाबा, असा संताप आला तुमचा! चुकलेल्या तिथीला घातलेलं पोचत नाही, हेही तुमचंच सांगणं. मग इतकी वर्षं कोणाला जेवू घातलंत? काकू तर "पहिला घास ह्यांना पोचला" म्हटल्याशिवाय पाण्यालाही तोंड लावत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद खिशात घालूनच घाटावर गेलो. गुरुजींनी त्यांच्या नेहमीच्या हिंदीत विचारलं, "वही, शस्त्र से ना?" मी म्हटलं, "हां, वही."

घरी आलो तेव्हा काकू वडे थापत होती. "आलं का रे काही?"

मी चपला काढत म्हटलं, "आलं. छातीत गोळी. जागच्या जागी गेले."

तिनं हातातला वडा तेलात सोडला. "तुझे बाबाही असंच म्हणाले होते," ती म्हणाली. "त्यांनीही माझ्याकडे बघितलं नव्हतं." मग म्हणाली, "हात धू. पानं घे."

पानं घेतली. ती पोटभर जेवली.

आता तुमच्यावर रागवायचंही त्राण नाही, आणि तोंडही नाही. तो कागद तुमच्या ट्रंकेत तळाशी ठेवलाय, हेही पत्र तिथेच ठेवतो. त्या दिवशी चपला काढायला मला फार वेळ लागला, बाबा.