भिशीतील रिकामी जागा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात किंवा कसे, डोळ्यांतील औषध वेळेवर घालतेस किंवा कसे, हे सविस्तर कळवावे. (मागील पत्रात ‘बरी आहे’ एवढेच लिहिलेस. हा अहवाल अपुरा आहे.) माझी प्रकृती उत्तम आहे. जेवतो. झोपेविषयी विचारू नये.

तुझ्या आग्रहावरून मी महाविद्यालयातील आर्थिक समुपदेशनाचे काम स्वीकारले, हे तुला स्मरत असेलच. (‘घरात बसून भिंतींची तपासणी करण्यापेक्षा पोरांची कर’ हे तुझे शब्द.) बँकेच्या लेखातपासणी विभागात ज्याचे आयुष्य गेले त्यास हे जड जाऊ नये, असे प्राचार्यांचेही मत पडले. त्यांनी मला क्रीडासाहित्याच्या खोलीचा अर्धा भाग दिला व दारावर पाटी लावली. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांची रीघ लागली. त्यांपैकी निम्म्यांना कॅरमच्या सोंगट्या हव्या होत्या आणि उरलेल्यांना सुटे पैसे. मी दोन्ही दिले. मात्र देताना प्रत्येकास, महिन्याचे पैसे हाती येताच बचत आधी बाजूला काढावी आणि खर्च उरलेल्यात बसवावा, हे तत्त्व सोदाहरण समजावून सांगितले. त्यानंतर सुटे मागायला येणेही थांबले.

अशा स्थितीत गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. तिला सगळे ‘टाचणी’ म्हणतात. अंगाने बारीक आणि बोलण्याला टोक. वसतिगृहातील दहा जणांची भिशी आहे. दरमहा प्रत्येकाने सारखी रक्कम घालायची आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने ती सगळी उचलायची. या खेपेची चिठ्ठी टाचणीची निघाली असून त्या पैशांतून तिला परीक्षेचे शुल्क भरायचे आहे. येता सोमवार शेवटचा; न भरल्यास वर्ष गेले. परंतु पहिल्याच महिन्यात ज्याची चिठ्ठी निघाली, तो सभासद त्या पैशांत जुनी मोटारसायकल घेऊन तिच्यावरूनच महाविद्यालय सोडून गेला. (नियोजन म्हणून पाहता निर्दोष.) त्यामुळे ‘तो देत नाही, मग आम्हीच का द्यायचे’ असा सूर बाकीच्यांत उमटला आहे; त्यात गोंगाटाच्या कारणावरून रेक्टरबाईंनी वसतिगृहातील भिशीची मासिक बैठकच बंद केली.

मी तिला पाऊण तास समजावले. भिशीस करारपत्र नाही, जामीन नाही, व्याज नाही; आवर्ती ठेव हाच शहाण्या माणसाचा मार्ग. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “काका, आवर्ती ठेव विचारते का, फी भरलीस का म्हणून?” मी विषय बदलून, निदान पैसे मोबाइलवर गोळा करावेत, बैठकीचा घाट कशाला, असे सुचविले. “मोबाइलवर मागितले की सगळ्यांचं नेट जातं. समोर बसून चहा प्यायला की लाजेनं तरी हात खिशात जातो.” (आमच्या वसुली विभागास हे उमगण्यास बरीच वर्षे लागली होती.)

मग तिने उलट माझ्याच ठेवींची चौकशी आरंभली. कशासाठी साठवलेत, असे विचारले. ‘अडीअडचणीसाठी’ हे माझे ठरलेले उत्तर. ते मी दिले. ताई, ज्या अडचणीसाठी आम्ही उभयतांनी साठवले, ती आली. पैसे पुरले. रुग्णालयाचे एकही देयक थकले नाही. आणि ही गेली. यापुढे काय करावे, हे आर्थिक नियोजनाच्या कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. (मी पाहिले आहे.)

हे अर्थातच मी टाचणीस सांगितले नाही. शुल्क मी भरतो, एवढेच म्हणालो. त्यावर ती चक्क रागावली. “माझी फी भराल हो, पण भिशी मोडली तर ज्यांची चिठ्ठी अजून निघायचीय त्यांनी काय करायचं? दान नको काका. सभासद व्हा.”

सभासद म्हणजे त्या पळालेल्याच्या जागी. त्या जागेची रक्कम आधीच उचलली गेल्यामुळे माझ्या वाट्यास यापुढे केवळ भरणे आहे, मिळणे काहीही नाही. एखाद्या खातेदाराने असा प्रस्ताव माझ्यासमोर ठेवला असता, तर मी तो लाल शाईने फेटाळून त्याच्या घरच्यांना बोलावून घेतले असते. मी विचारास अर्ध्या तासाची मुदत मागितली. ती खुशाल कॅरम खेळत बसली. मुदत संपण्यापूर्वीच मी होकार दिला.

“आणि बैठक तुमच्याकडे,” ती म्हणाली. “घर आहे ना तुम्हाला?”

आहे, असे मी म्हणालो. आणि पत्ता लिहून दिला. (पत्ता तरी नक्की आहे.)

तर येत्या रविवारी सायंकाळी नऊ मुले घरी येत आहेत. चहा फक्कड झाला तरच पैसे बाहेर निघतील, असे टाचणीने मला बजावले आहे. सबब, एका मुलीचे वर्ष सर्वस्वी माझ्या चहावर अवलंबून आहे.

तुझा आज्ञाधारक (याविषयी तुझे मत निराळे आहे, हे जाणून),
भाऊ

ता. क. तू महिनाभर राहून स्वयंपाकघर लावून दिलेस, त्यातले मी काहीही हलविलेले नाही. त्यामुळे मोठे पातेले कोठे आहे, हे मला ठाऊक नाही. दहा कपांस चहापूड व साखर किती, तेही कळवावे. माझ्या एका कपाचे प्रमाण दहाने गुणून काल तीन लहान भांड्यांत प्रयोग केला. गुणाकार बरोबर होता, चहा नव्हता.

आणखी एक. हे फोनवर विचारता आले असते. परंतु माणसे येणार म्हणजे काय काय लागेल, हे खाते कायम हिच्याकडे असे. ते बोलताना आवाजाचा भरवसा वाटेना. शनिवारी सकाळी तुझ्याकडून थेट गाडी आहे. भाडे अर्थातच माझ्याकडे.

शेवटचे. पाकीट चिकटविण्यापूर्वी पातेले सापडले. तरी ये.