एकोडीची रोवणी आणि प्रफुल्लचा पेपर

एकोडी, ३ जुलै

ती. रुचिताताईस,
सप्रेम जयभीम.

पेपरात लिहायचा हात बसावा म्हणून फोन नको, पत्रच पाठव, हा तुझा हुकूम पाळतो आहे. बाबांचा पाय प्लॅस्टरात, त्यामुळे यंदा धानाची रोपे चिखलात लावून घ्यायची अख्खी रोवणी माझ्याकडे. बाबांनी सांगून टाकले आहे की पुरवणी परीक्षेत बारावीचे अर्थशास्त्र पुन्हा राहिले तर पुस्तके बांधून शेतीच बघायची.

तू काळजी करू नको. किंमत वाढली की पुरवठा वाढतो, हा नियम मी घोकला नाही, लावून बघितला. रोवणीची मजुरी गावापेक्षा पन्नास रुपयांनी जास्त जाहीर केली, तर सकाळी कौशल्याबाईंची अख्खी टोळी आपल्या धानाच्या बांधीत हजर. लाखनीला तुझ्या कॉलेजात पोरांना हे उदाहरण खुशाल दे.

तुझी माया अशीच राहू दे.
प्रफुल्ल

लाखनी, ७ जुलै

चि. प्रफुल्लास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

शाबास, पण शेखी आवर. तू लावलेस ते सूक्ष्म अर्थशास्त्र, एका घरापुरते. आता मान वर करून गावाकडे बघ. शेजारच्या शेतातल्या देवाजीकाकांचेही पऱ्हे रोवण्याजोगे झाले असतील आणि मजुरी त्यांनाही वाढवता येते. सगळ्यांनी वाढवली म्हणून एकोडीतल्या रोवणाऱ्या बाया आठवड्यात दुप्पट होतील का? एकाला साधते ते सगळ्यांनी केले की साधतेच असे नाही. स्थूल अर्थशास्त्र तिथून सुरू होते.

वाढलेली मजुरी वाया गेली असेही समजू नको. ती बायांच्या घरात जाते, तिथून दुकानात, आणि दुकानदाराचीही विक्री वाढते. रागावू नकोस, पेपराआधी कळलेले बरे. बाबांना पाय टेकू देऊ नको.

खुशाली कळवत राहा.
तुझी ताई

एकोडी, १७ जुलै

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र यायच्या आधीच देवाजीकाकांनी मजुरी साठ रुपयांनी वाढवली, मग बाकीच्यांनी. टोळी आपली अर्धी बांधी सोडून गेली आणि उरलेले पऱ्हे वाफ्यातच जून व्हायला लागले. गावाची बैठक बसली. पुरुष मंडळी जुन्या दरावर यायला निघाली होती. आई स्वतः टोळीत रोवते, ती उठून म्हणाली, "दर खाली येनार नाही. बाया तेवढ्याच आहेत, तुमी पाळी लावा."

ज्याचे काहीच झाले नाही त्याची पाळी आधी, असे ठरले. आपले अर्धे झालेले, म्हणून आपण शेवटी, नेमके पेपराच्या दिवशी. घोळ मीच सुरू केलेला, पाळी बदला म्हणायला तोंड नव्हते. पेपर सोडतो, असे बाबांना सांगितले तर ते भडकले. "रोवनी मी पायतो, तू पेपरले जाय." बांधीच्या कडेला धुऱ्यावर खाट टाकून, प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवून दिवसभर बसले.

मोठा प्रश्न सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्रातल्या फरकाचाच होता. मी सगळी एकोडी लिहून काढली, देवाजीकाकांसकट. पास होतो, लिहून ठेव.

साकोलीच्या परीक्षा केंद्रावरून परत आलो तर बांधी पुरी रोवून झालेली. बाबांनी रोवणीचा विषयच काढला नाही, आधी पेपर कसा गेला ते विचारले. मग तो फरक माझ्याकडून समजून घेतला आणि म्हणाले, निकालाची वाट कायले पाहायची, बी.ए.चे फॉर्म कधी भरतात ते ताईला विचारून घे.

तर तेवढे कळव, आणि लोभ वाढता ठेव.
प्रफुल्ल