आधी वडिलांना पुरून येतो

पप्पा, काल रविवारच्या वर्गात मी एक गोष्ट बोलून टाकली. ती तुमच्याविषयीही असल्यामुळे तुम्हाला सांगायला हवी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वर्गातली पोरं आता रिटायर होऊन एकमेकांना गुडघ्यांचे डॉक्टर सुचवतात. वर्ग मात्र चालू आहे. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये तुम्ही सुरू केलात, तो आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला माझ्या फ्लॅटमध्ये भरतो. दिल्लीतली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं येतात, लिफ्ट बंद असली की निम्मी. शिकवतो मी. शाळेत संस्कृत शिकवणारा मास्तर रविवारी बायबल कसा शिकवतो, असं नव्या माणसाला वाटतं. जुन्यांना ठाऊक आहे की हा उद्योग तुमचाच.

ती क्वार्टरची बाहेरची खोली अजून डोळ्यांपुढे येते. हिवाळ्याचे दिवस आहेत, शेजारच्या पंजाबी काकूंकडून मागून आणलेल्या खुर्च्या दाटीवाटीनं मांडल्यात, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून मटार सोलतेय. ती वर्गात नाही आणि वर्गाबाहेरही नाही. नाशिकच्या हिंदू घरातली मुलगी तुमच्याशी लग्न करून दिल्लीला आली. बाप्तिस्मा तिनं घेतला नाही, तुम्ही मागितला नाही. तिचे देव कपाटात. दार उघडलं की देवघर, लावलं की कपाट. तुम्ही मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आणि बायबलसुद्धा तुम्ही फाइलसारखंच शिकवायचात. फाइलला दोन बाजू असतात, तुम्ही सांगताय. एका बाजूला आलेली-गेलेली पत्रं, दुसऱ्या बाजूला नोटिंग : प्रश्न कुणी काढला, कुणी अडवला, साहेबांनी शेवटी असा आदेश का दिला. नुसता आदेश वाचून जो उडतो तो कधी अंडर सेक्रेटरी होत नाही. (तुम्हीही झाला नाहीत, पण तो विषय वेगळा.) बायबलचं असं झालंय, की आदेश आपल्या हातात आलेत आणि नोटिंग गहाळ आहे. ते शोधायचं. ती माणसं कुणाबरोबर जेवत नसत, कर कोण वसूल करत होतं, बाईनं परक्या पुरुषाशी बोललेलं चालत होतं का, आणि मुख्य म्हणजे समोर उभा कोण होता.

मी संस्कृत घ्यायचं म्हटलं तेव्हा आपल्या लोकांनी भुवया उंचावल्या. तुम्ही करोल बागेतून एक जाडजूड शब्दकोश आणून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ज्यांनी हजार-दोन हजार वर्षं भाष्यं लिहिली त्यांच्याकडून शिकून ये, आपल्याला उपयोग होईल." झाला. मीमांसक म्हणतात प्रकरण पाहा, वाक्य सुटं उचलू नका. कॉलेजात ते ऐकताना मला सारखा तुमच्या टेबलावरचा फायलींचा ढीग आठवायचा. अर्थात थोडं शिकलेल्या माणसाला जी बाधा होते तीही मला झाली. उंटाचं सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, पण श्रीमंताचं देवाच्या राज्यात जाणं कठीण, हा भाग चालला होता. मी कुठेसं वाचलेलं ऐटीत सांगितलं, की नेढं हे यरुशलेमच्या एका बुटक्या दरवाजाचं नाव होतं, ओझं उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाऊ शकायचा. सगळ्यांना फार बरं वाटलं. तुम्हाला वाटलं नाही. "असा दरवाजा कुणी पाहिलाय? त्या काळच्या कुठल्या लिखाणात आहे?" तुम्ही विचारलंत. "श्रीमंतांची सोय व्हावी म्हणून कुणीतरी नंतर बांधलेला दरवाजा आहे तो. ऐकणाऱ्यांना आधी हसू आलं असणार, मग ते गप्प झाले असणार. तू उंटाला वाचवायला निघालास, साहेब." रागावलात की तुम्ही मला साहेब म्हणायचात. मग सगळ्यांकडे वळून म्हणालात, पार्श्वभूमी शोधायची ती वाक्याची धार घालवायला नाही, ती कुणाकडे रोखलेली आहे ते कळायला.

आता मुद्द्यावर येतो. आई नव्वदीच्या घरात आहे. पाय गेलेत, जीभ आहे. दिवाळीनंतर तिनं मला जवळ बसवून सांगितलं, "मला पुरायचं नाही. जाळायचं, आणि अग्नी तू द्यायचास. राख यमुनेत नको, साबणाच्या फेसात मी जाणार नाही. नाशिकला ने. पण थोडी मागे ठेव आणि ती यांच्या कबरीत, पायाशी घाल." तुमच्या शेजारची जागा तुम्ही तिच्यासाठी राखून ठेवली होती, ती तिला माहीत आहे. तिचं म्हणणं, "मला कधी विचारलं होतं का, तिथे झोपशील का म्हणून?" पप्पा, विचारलं नव्हतंत. दोन हजार वर्षांपूर्वी विहिरीवर येशूशी बोललेल्या शोमरोनी बाईची अडचण तुम्ही तासभर समजावून सांगायचात आणि मटार सोलणारी बाई चार पावलांवर होती.

कबरस्तानाच्या कमिटीला अशा कामासाठी आपल्या मराठी ख्रिस्ती सभेच्या सेक्रेटरीची चिठ्ठी लागते. आपले सेक्रेटरी म्हणजे मानेसरच्या गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात जन्मभर पर्सोनेल मॅनेजर असलेले गृहस्थ. शुभेच्छासुद्धा कारणे दाखवा नोटिशीच्या सुरात देतात. कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कॅन्टीनमध्ये मिसळ खाता खाता मी विषय काढला. त्यांनी पाव खाली ठेवला. "देखिए सर, तुम्ही वर्ग घेता. वर्ग घेणारा माणूस चितेला अग्नी देणार आणि राख घेऊन ख्रिस्ती कबरीत जाणार? प्रभूनं साफ सांगितलंय. एक जण म्हणाला, आधी बापाला पुरून येतो. प्रभू म्हणाला, मेलेल्यांचं पुरणं मेलेल्यांकडे सोपव, तू माझ्यामागे चल. आईच्या माहेरचे लोक असतील ना? त्यांना करू दे." मी म्हणालो, आई आहे तोवर हा विषय नको, नंतर बघू. ते म्हणाले, बिल्कुल, नंतर बघू. आम्ही दोघांनी मिसळ संपवली. आम्हाला वाटलं, आम्ही फार समजूतदारपणे वागलो.

गंमत अशी, की वर्गात शुभवर्तमान ओळीनं वाचत चाललो होतो, आणि या रविवारी नेमका तोच भाग आला. टाळता आला असता. येशूनं सांगितलेला एखादा दाखला मध्ये घुसवला असता. शनिवारी दुपारी मी पुस्तकं काढून बसलो आणि तुमच्या पद्धतीनं समोर उभा कोण ते पाहू लागलो. त्या मुलखात मेलेल्याला त्याच दिवशी पुरायचे. बाप त्या दिवशी गेला असता तर हा मुलगा रस्त्यात गप्पा मारत उभा नसता, घरी असता. मग काय असेल? काही अभ्यासक म्हणतात, प्रेत खडकातल्या कबरीत आधीच ठेवलं असेल. वर्षभरानं मुलानं जाऊन हाडं गोळा करून दगडी पेटीत ठेवायची, अशी तिथे रीत होती. अस्थिसंचय शिकलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार? दुसरे म्हणतात, बाप जिवंतच असेल, आणि बापाला पुरून येतो म्हणजे तो आहे तोवर घरी राहतो, त्याच्यामागे काय ते बघू. आणि काही जण म्हणतात की हा सगळा आपला खटाटोप आहे, वाक्य जेवढं कठोर दिसतं तेवढंच ते आहे. तिसरा पक्ष मी वहीत सर्वांत वर लिहिला. दरवाजे बांधायचे नाहीत, हे तुम्ही शिकवलंय.

आई पलंगावरून पाहत होती. "उद्या काय आहे?" मी सांगितलं, तिन्ही पक्षांसकट.

"म्हणजे तो बाप मरायची वाट बघत होता," ती म्हणाली.

"असं काहींचं म्हणणं आहे."

"आणि तू?"

मी पुस्तक मिटलं.

"सेक्रेटरीला तू काय सांगितलंस ते कळलंय मला. त्याची बायको फोन करते. आई आहे तोवर नको म्हणे. अरे, मी गेल्यावर मला काय कळणार आहे, राख कुठे गेली ते? हो की नाही, ते मला ऐकून जायचंय."

पप्पा, सेक्रेटरींनी ते वाक्य माझ्यावर फेकलं तेव्हा ते चितेला अग्नी देण्याबद्दल आहे असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. ते होतं नंतर बघू म्हणणाऱ्याबद्दल. वर्षानुवर्षं वर्ग घेणाऱ्या माणसाला हे दाखवायला पलंगावरची आई लागली. तुम्ही असतात तर मला साहेब म्हणाला असतात.

काल आईला शाल गुंडाळून खुर्चीत बसवलं, दारात नाही, खोलीच्या मध्ये. मी भाग वाचला, रीती सांगितल्या, मतभेद सांगितले, कुठलंही मत नक्की नाही हेही सांगितलं. मग म्हणालो, या माणसाची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आजच सांगतो. आई गेल्यावर मी तिला अग्नी देणार आहे, आणि थोडी राख वडिलांच्या कबरीत घालणार आहे. यामुळे वर्ग दुसऱ्या कुणी घ्यावा असं वाटत असेल तर आज सांगा, ती ऐकत असताना.

"हे अजेंड्यावर नव्हतं," सेक्रेटरी म्हणाले. "बायबल सोडून तुम्ही घरगुती गोष्टी आणताय, सर."

"तुम्ही त्या दिवशी घरगुती गोष्टीत बायबल आणलंत. फिटंफाट."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. सेक्रेटरी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. वाईट माणूस नाही हो तो. "वर्ग तुम्हीच घ्या," ते म्हणाले, "पण चिठ्ठीवर मी सही करणार नाही. बघू, कमिटीत ठेवतो—"

"बघू नका," आई म्हणाली. "नाही असेल तर नाही लिहून द्या. पण मी आहे तोवर द्या, भाऊ."

त्यांनी तिथेच कागद मागितला आणि नाही असं लिहून दिलं. आईनं तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "अक्षर चांगलं आहे." मग सगळ्यांनी चहा घेतला, त्यांनीही, साखर कमी.

तर आता नकार लेखी आहे, आणि लेखी नकाराविरुद्ध अपील करता येतं, हे सेक्शन ऑफिसरच्या मुलाला सांगायला नको. आज सकाळपासून आम्ही दोघं कबरस्तानाच्या कमिटीला अर्ज लिहितोय. ती सांगते, मी लिहितो, आणि ती माझे संस्कृत शब्द काढून टाकते. तिथे नाही म्हणाले तर बिशपांकडे, तिथे नाही म्हणाले तर आणखी वर. ती आहे तोवर जेवढी दारं वाजवता येतील तेवढी वाजवणार. नंतर उरतील तीही वाजवीन.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे तर आहेच. पण पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. कारण पप्पा, खरं सांगायचं तर तुम्हीही नाही म्हणाला असतात, असं मला वाटतं. सेक्रेटरींसारखे वचन फेकून नाही. गप्प बसून, खिडकीबाहेर पाहत. तुम्हाला ती शेजारी हवी होती, अख्खी. थोडीशी येईल. तेवढ्यावर भागवा.