क्लिअरन्सची पाटी

३ मार्च

चि. धाकटीस, दादाचे पुष्कळ आशीर्वाद.

समोरच्या मोठ्या दुकानाने काचेवर लाल अक्षरांत ‘क्लिअरन्स’ लिहिलंय. आमच्या पायरीवर चढलेलं गिऱ्हाईकसुद्धा ते वाचून तिकडे वळतं. तुझी वहिनी म्हणते, हा सेलचा थोरला भाऊ असणार. तू तिथे शहरातल्या बुटांच्या दुकानात दिवसभर हीच लेबलं चिकटवतेस, तर अर्थ कळव. नुसता अर्थ नको, वापरतात कसा तेही लिही. उगाच पाटी लावून हसं नको.

जुने बूट हलल्याशिवाय नवे भरता येत नाहीत. फळ्या अशाच राहिल्या तर गाळा समोरच्याला देईन, असं जागामालकाने तोंडावर सांगितलंय. वडिलांनी ज्या स्टुलावर बसून लोकांच्या पायांत बूट चढवले, त्यावरच मी बसतो. मला दुसरं काही येत नाही गं.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास, शि. सा. नमस्कार.

वहिनी निम्मी बरोबर आहे! सेल संपतो आणि पुन्हा येतो. क्लिअरन्सचा माल पुन्हा येत नाही. फळी रिकामी करायची म्हणून तो पडेल भावात काढतात. जुनी किंमत खोडायची, पण दिसेल अशी. एकदा विकलेलं परत घ्यायचं नाही.

मुख्य म्हणजे माल टोपल्यांत ओतायचा आणि लोकांना उपसू द्यायचा. तू स्टूल घेऊन मागे लागू नकोस. चवड्यावर अंगठा दाबून ‘हा चावेल, घेऊ नका’ तर मुळीच म्हणू नकोस. हरिश्चंद्राचा अवतार आठवडाभर गुंडाळून ठेव. सगळं नीट होईल.

तुझ्या रागासकट लोभाची भुकेली,
धाकटी

२९ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

पाटी लावली. एवढी गर्दी वडिलांच्या वेळीही नव्हती. तू लिहिल्याप्रमाणे मी हात न लावता बसून राहिलो आणि मनातून हरखलो.

आपल्याकडे एक बूट फळीवर आणि त्याचा जोडीदार माळ्यावरच्या खोक्यात असतो, हे तुला ठाऊक आहे. मी दोन्ही सुटेच ओतले. कोणाचेच दोन पाय सारखे नसतात, हे मीच वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो. लोकांनी ते बरोबर लक्षात ठेवलं! उजव्याला एक माप, डाव्याला दुसरं, असे बूट निवडून गेले. विकले ते कवडीमोलाने. उरलेल्या ढिगात एकाचीही जोडी लागत नाही. वहिनी आणि मी जमिनीवर बसून जुळवत होतो. शेवटी तिने माझ्या हातातला बूट काढून घेतला.

नवा माल भरायची आशा संपली. तुमच्या दुकानात पाय बघून माप सांगणारा माणूस हवाय का, साहेबांना विचारशील?

दादा

७ एप्रिल

ती. दादास, नमस्कार.

तुझं पत्र वाचून रडले. आमच्याकडे जोडी दोरीने बांधूनच टोपलीत टाकतात. हाताला इतकी सवय, की ते लिहायचं असतं हे सुचलंच नाही. आता सांगून काय, बैल गेला नि झोपा केला.

साहेबांना विचारलं. माझा भाऊ लोकांना बसवून बूट घालून देतो, असं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, आपल्या अख्ख्या दुकानात स्टूलच नाही. खरंच नाही रे, मी फिरून पाहिलं.

वहिनीला घेऊन इकडे ये. एक खोली आहे, तिघं मावू.

तुझी,
धाकटी

२१ एप्रिल

चि. धाकटीस, आशीर्वाद.

आम्ही येत नाही. तुझ्या एका खोलीत आमची अडगळ कशाला?

गाळ्याची किल्ली दिली. स्टूल घरी आणलं, वहिनीने त्यावर बादली ठेवलीय. पाटी काढताना शेजारच्या न्हाव्याने त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी तुझाच सांगितला, फळी रिकामी करायची. तो म्हणाला, रिकामी कशाला करायची? तेवढं तुझ्या पत्रात राहिलं होतं. समोरच्याची पोरं खोकी आणून आपल्या फळ्यांवर रचत होती. मी म्हटलं, दुसऱ्याचा माल ठेवायला.

तुझा लोभ मात्र पाटी न लावता तसाच असू दे.

दादा