पाठराखण पदक आणि माझी दहा बोटं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, धंद्याने शिंपीण, ऑनलाइन खेळात ‘बोथट सुई’ या नावाने परिचित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी विचारलं, “आजी, आज वार कोणता?” मी म्हटलं, “तुम्ही दवाखाना लवकर बंद करून पळता तो.” त्यांनी शिक्का मारला. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. परत येण्याचा माझा पक्का विचार आहे, पण निघण्याआधी आवराआवर केलेली बरी.

कलम १. राहतं घर मुलगा आणि सूनबाई या दोघांना, सारख्या हिश्शाने. चिरंजीव लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. गावभरच्या लिफ्ट यांच्या हाताने चालतात आणि आमच्या न्हाणीघराचं दार मात्र अजून लागत नाही. ते माझ्या पश्चात तरी बसवावं.

कलम २. बँकेतली ठेव एकट्या सूनबाईला. मुलाने तोंड वाकडं करू नये. माझी बोटं आखडायला लागली तेव्हा हिनेच मला खेळायला बसवलं. म्हणाली, “आई, तो रबरी चेंडू दाबत बसण्यापेक्षा हे बरं.” चेंडू तेव्हापासून कपाटाखाली आहे. तोही तिलाच.

कलम ३. शिलाई मशीन आणि मोठी कात्री समोरच्या औषधवाल्याच्या बायकोला. तिने शिवलेले पडदे मी रोज खिडकीतून बघते, म्हणून हा निर्णय. इस्त्री कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. माझ्या राखाडी कोटाच्या पाठीवर त्याने जो त्रिकोण उठवला तो मी विसरलेले नाही. आता घरी सराव करावा. आरामखुर्ची खालच्या पहारेकऱ्याला. तसाही बसूनच असतो बिचारा, नीट तरी बसेल.

कलम ४. माझ्या टीममध्ये एक बेकरीवाला आहे आणि एक दातांची डॉक्टरीण. एक गोड खाऊ घालतो, दुसरी दात काढते, त्यामुळे दोघांचं छान जमतं. हेडफोन बेकरीवाल्याला, तो भट्टीशेजारी बसून खेळतो आणि शत्रू आला की ओरडतो, “ताई, पाव जळाले!” कीबोर्ड डॉक्टरीणबाईंना. धुऊन घ्यावा.

कलम ५. माझी आकडेवारी. हा खेळ किल्ला राखायचा आहे. मारलेले शत्रू: सांगायची लाज वाटते. स्वतः मेले: सूनबाईने मोजायचं सोडून दिलं. पण पडलेल्या साथीदाराला उठवण्यात आमच्या सगळ्या खेळाडू मंडळात मी पहिली होते. धावत जायचं, त्याच्याजवळ बसायचं आणि एकामागून एक बटणं चुकता दाबायची. जन्मभर सुया ओवल्या आहेत, मला त्यात काय अवघड? त्याचं ‘पाठराखण पदक’ मला मिळालं. पुढे ते काढून घेतलं आणि आकडे शून्यावर आणले. का, ते खाली.

(वरच्या कलमात ‘न चुकता’ असं वाचावं. चुकता दाबली असती तर पदक कुठलं?)

कलम ६. माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे खेळातल्या ‘राणीसरकार’ हिला, या मृत्युपत्रानुसार काहीही मिळणार नाही. चमचासुद्धा नाही.

कारण हिनेच मंडळाकडे तक्रार केली की ताईच्या नावाने तिचा मुलगा खेळतो. पुरावा काय, तर “ज्या वेळेला पदक मिळालं, अगदी त्याच वेळेला ताई माझ्याशी फोनवर बोलत होती.” अगं बाई, होते ना बोलत! फोन स्पीकरवर होता आणि हात कीबोर्डवर. मी एवढं सांगून दमले, पण तिचं एकच, “असं कुणाला जमतं का? खरं बोललीस तर येईन.” तेव्हापासून ती घरी आलेली नाही. मीही गेले नाही. हट्टाच्या बाबतीत आम्ही दोघी एकाच ताग्यातल्या.

मला काय वाटतं ते सांगून टाकते. ताई खोटारडी आहे किंवा ताई आपलं ऐकत नव्हती, यातलं एक काहीतरी तिला मानायचं होतं. खोटारडेपण तिच्या मनाला कमी लागलं, म्हणून तिने ते धरलं. पण मी ऐकत होते. वरच्या मजल्यावरची बाई तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर पाणी सांडते, हे ऐकलं. मग धाकटी हळूच म्हणाली की पोरं परगावी गेल्यापासून घर फार मोठं वाटतं, तेही ऐकलं.

तिची आकडेवारी मी रोज बघते. काल जिंकली, बरं वाटलं. एखाद्या दिवशी खेळली नाही की जीव खालीवर होतो. पदक गेलं तर गेलं. पण उद्या माझं काही बरंवाईट झालं आणि ती मला खोटारडीच समजत राहिली, तर ते मला सहन होणार नाही.

कलम ७. साक्षीदार. वकीलबाई म्हणाल्या, “ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीला नको. एक मी आहे, दुसरं कोण?” मी एकेक नाव घेत गेले आणि त्या माना हलवत गेल्या. शेवटी म्हणाल्या, “अहो, तुम्ही तर सगळ्यांना वाटून बसलात! कोणी उरलंय का?”

मी म्हटलं, “एक उरली आहे. तुम्हीच फोन करा. कायद्याने यावंच लागतं म्हणावं.”

“असा काही कायदा नाही हो.”

“तिला कुठे माहीत आहे!”

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि सही केली.

स्थळ: माझी मशीनची खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस
सही: बोथट सुई (खरी सही बाजूला आहे)

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई. आमच्या समक्ष सही झाली. मजकुरातल्या टोमण्यांना मी जबाबदार नाही.

साक्षीदार दुसरी: मी, धाकटी बहीण, काहीही न मिळणारी. असा कायदा नसतो हे मला माहीत होतं. ताईने माझ्यासमोर आधी दोन डाव खेळले आणि मग सही केली. भाचा कामावर होता. खोलीचं दार लावून मी शेजारी बसले होते आणि ती खेळत असताना मुद्दाम बोलत राहिले. ती नुसती ‘हं, हं’ करत होती. डाव संपल्यावर माझं सगळं बोलणं तिने मला जसंच्या तसं ऐकवलं. खेळणारे हात तिचेच आहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मंडळालाही तसं आत्ताच कळवलं आहे. उद्या दवाखान्यात तिच्यासोबत मी जाणार. कोणी मध्ये पडू नये.