चौऱ्याहत्तर गुणांची मुलगी

१७ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. महाडहून सकाळची एसटी धरली, परळला उतरले तेव्हा जेवायची वेळ झाली होती. एजन्सीच्या बाईंनी माझी नर्सिंगची मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली आणि पत्ता हातात दिला. लालबागला जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर झालाय, त्यात तेविसाव्या मजल्यावर माझी ड्युटी. चोवीस तास तिथेच राहायचं. लिफ्टमध्ये कानाला दडे बसले आणि मला उगाचच हसू आलं.

पेशंट कोण, तर सुचित्राबाई. सिनेमातल्या. आबांना फोन केला तर त्यांना खरंच वाटेना. त्यांचा एक सिनेमा आबांनी आणि आईने लग्नानंतर पहिल्यांदा जोडीने पाहिला होता. बाईंचं खरं नाव मालन. जन्म इथलाच, दोन गल्ल्या सोडून चाळीत, वडील गिरणीत, गाव मालवणकडचं. आता वय ब्याऐंशी. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात, बाकी आवाज खणखणीत. मूलबाळ नाही. वैशालीताई म्हणून भाची पुण्याला असते, ती फोनवरून सगळं बघते.

माझ्या खोलीच्या खिडकीतून रे रोडच्या लाकडाच्या वखारी दिसतात, त्यामागे बंदरातल्या क्रेन. घरून आणलेली सुकट मी पिशवीतून काढलीसुद्धा नव्हती, बाईंना वासावरूनच कळलं. म्हणाल्या, उद्या कर.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रुळले मी इथे. सकाळी गोळ्या, बीपी, अंघोळ. मग बाई केस विंचरून घेतात आणि तयार होऊन हॉलमध्ये बसतात, कुणी येणार असल्यासारख्या. येत कुणीच नाही. मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट बंदच आहेत, मालक परदेशात असतात म्हणे. खाली कुणी आलं की गेटवरून फोनच्या अ‍ॅपवर विचारतात, सोडायचं का? हो किंवा नाही दाबायचं. तो फोन बाईंचा, पण सांभाळते मी. आतापर्यंत दूधवाला, इस्त्रीवाला आणि औषधं.

दुपारी टीव्हीवर बाईंचा सिनेमा लागला. विहिरीवर नुसत्या उभ्या राहतात, एक शब्द बोलत नाहीत, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. मागे वळून पाहिलं तर बाई पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. विचारलं, कुठे रडायला आलं? नेमकं कुठे?

२३ नोव्हेंबर, रविवार

सुट्टीचे चार तास मिळाले. भायखळ्याला आत्याकडे गेले. आत्याचा विकास कुरिअर कंपनीत आहे, पण जीव सगळा सिनेमात. ‘बाल्कनीतली मंडळी’ नावाचा त्यांचा ऑनलाइन ग्रुप आहे, हजारो माणसं. त्याने मलाही त्यात घातलं. कुठला सिनेमा दुसऱ्या भागात झोपवतो, कुणाला मिशी शोभत नाही, कोण अजून हिरोच समजतो स्वतःला, असलं दिवसभर चालू असतं. वाचून पोट धरून हसले.

मग त्याने खेळ दाखवला. ‘पडदा’. दर जानेवारीत प्रत्येकाने दहा नावं द्यायची, यंदा कोण जाणार. शंभरातून वय वजा केलं की तेवढे गुण. म्हाताऱ्यांचे कमी, तरुण कुणी गेलं तर भरपूर. नाव अधूनमधून बदलता येतं. एकच अट, त्या माणसाची फोटोसह बातमी कुठेतरी आलेली हवी. एकतीस डिसेंबरला निकाल.

बाईंचं नाव शेकडो जणांनी दिलंय. विकास म्हणाला, यात वाईट काय, सगळे एक दिवस जाणारच की. आत्या भजी तळत होती. ती हसली. मी पण हसले असेन.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज बाईंकडे पाहुणे. गेटवरून नाव आलं, जयवंत, आणि बाईंनी माझ्या हातातून फोन घेऊन हो दाबलं. पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेवंतीची वेणी घेऊन आलेले. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या. बाईंचे सगळे सिनेमे तोंडपाठ. कुठल्या दृश्यात कुठली साडी होती तेसुद्धा. बाई खुलल्या, गालांवर रंग आला.

जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबून हळू आवाजात विचारलं, गोळ्या वेळेवर घेतात का? मी म्हटलं, हो, मी स्वतः देते. ते म्हणाले, तुम्ही आल्यापासून तब्येत फार सुधारली. त्या बोलण्यात आनंद नव्हता. विकासला विचारलं तर कळलं, ग्रुपवर ‘पिटातला’ नावाने लिहितो तो हाच, आणि यंदा दुसऱ्या नंबरावर आहे. पहिला यायला एकच नाव कमी पडतंय.

३० नोव्हेंबर, रविवार

गादीची चादर बदलताना उशीच्या अभ्र्यात गोळ्या सापडल्या. बाई जिभेखाली धरून मागून थुंकत असणार. मी रागावले नाही, नुसतं विचारलं. तेव्हा कळलं, जयवंतने त्यांना खेळाबद्दल सगळं सांगितलंय. मला वाटलं होतं बाई खचल्या असतील. त्या चक्क लाजल्या. किती जणांनी दिलंय नाव, मोज बघू, म्हणाल्या. मी आकडा सांगितल्यावर डोळे मिटून बसल्या.

“चाळीस वर्षांत कुणी माझं नाव घेतलं नाही गो. आता एवढी माणसं रोज बघतायत, मी कधी जाते ते. त्यांका निराश कसा करू?”

मी गोळ्या पाण्यात विरघळवून सरबतातून दिल्या.

३ डिसेंबर, बुधवार

राहवलं नाही. ग्रुपवर लिहिलं, मी बाईंची नर्स आहे, बाई चांगल्या आहेत, दोन घास जास्तच जेवतात, हा खेळ बंद करा. वाटलं, लाज वाटेल.

तासाभरात शेकडो उत्तरं. फोटो टाक. बीपी किती आहे आज? रात्री खोकतात का? एकाने लिहिलं, नर्स चांगली निघाली, आपलं वर्ष वाया. त्याला सगळ्यात जास्त बदाम. ग्रुप सोडला.

वैशालीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मावशीला नाटकं करायची सवय आहे, मनावर घेऊ नकोस. एजन्सीला म्हटलं मला बदली द्या. तीन महिने पुरे झाल्याशिवाय सर्टिफिकेटं मिळणार नाहीत, असं उत्तर.

६ डिसेंबर, शनिवार

आज आबा गाववाल्यांबरोबर चैत्यभूमीला आले होते. दरवर्षी येतात. मी लहान होते तेव्हा मला खांद्यावर घेऊन रांगेत उभे राहायचे. यंदा मी दादरला भेटायचं ठरलं होतं, पांढरी साडी काढून ठेवली होती. निघताना बाई छाती धरून खाली बसल्या. डॉक्टर आले, तपासलं, काही नाही म्हणाले. पण मला निघता आलं नाही. आबा दादरला फुलवाल्यांपाशी उन्हात दुपारभर थांबले. मी गॅलरीतून त्या दिशेला बघितलं. नुसती छपरं आणि टॉवर.

आबा फोनवर म्हणाले, असू दे, पेशंट सोडून येऊ नये. त्यांचा आवाज बसला होता.

फोन ठेवून आत आले तर बाई आरशासमोर बसून वेणी माळत होत्या.

९ डिसेंबर, मंगळवार

सिनेमाच्या एका वेबसाइटवर माझा फोटो! जयवंतने मागे काढला होता, मी बाईंना भरवताना. सोबत बातमी: सुचित्राबाईंची सावली, महाडची प्रिती, वय वर्षे सव्वीस. आबांना पाठवला. त्यांनी गावभर दाखवला. आज बरं वाटलं. कुणीतरी चांगलं लिहिलं.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी अकरा वाजता गेटवरून फोन. शववाहिनी आली आहे, सोडायची का? मला वाटलं चुकून दुसऱ्या विंगची असेल. वॉचमनने फ्लॅटचा नंबर वाचून दाखवला, आणि नाव. बाईंचं नव्हतं.

माझं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

विकासला फोन केला. तो आधी हसला, मग त्याने सांगितलं. बातमी आल्यामुळे मी आता खेळात चालते. शंभरातून सव्वीस गेले, चौऱ्याहत्तर गुण. बाईंचे फक्त अठरा. शेकडो लोकांनी बाईंचं नाव काढून माझं घातलंय. मी विचारलं, तू?

“अगं, तू थोडीच मरतेयस? लागणार नाही म्हणून तर लावलं. गंमत आहे.”

पुढे तो सांगत होता की मी घाबरले म्हणून त्याला वाईट वाटतंय. पण नाव काढतो असं म्हणाला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

पोलिसांना फोन केला. दोघे आले. बाईंनी स्वतः चहा केला, एरवी भांडं उचलवत नाही. हवालदारांच्या आईला बाईंचे सिनेमे आवडायचे. शववाहिनीचं ऐकून म्हणाले, कुणीतरी चेष्टा केली असेल, नंबर द्या, बघतो. ग्रुपबद्दल म्हणाले, अंदाज करणं हा काय गुन्हा आहे? बाईंबरोबर फोटो काढून गेले.

दार लागल्यावर बाईंनी विचारलं, माझं नाव आता किती जणांकडे उरलं? विकासकडून कळलं होतं तेवढं सांगितलं, अकरा. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

१८ डिसेंबर

बाई सकाळी माझ्या आधी उठलेल्या. पोटभर जेवल्या. गोळ्या मागून घेतल्या. खूप बोलल्या. मला खुर्चीत बसवून हनुवटी वर धरायला शिकवलं, मान कशी वळवायची, हात कुठे ठेवायचे. लोक तुझ्याकडे बघतायत ना आता, म्हणाल्या. मी नवी होते तेव्हा मलाही कुणीतरी शिकवलं होतं.

हात थंडगार होते त्यांचे.

गॅलरीतून खाली बघितलं. गेटसमोर माणसं उभी. वरती बघतायत. एकाने हात हलवला.

२१ डिसेंबर

ठरलं. सर्टिफिकेटं गेली खड्ड्यात. बॅग भरली.

सेफ्टी डोअरला कुलूप. आतून लावलेलं, किल्ली खिळ्यावर नाही. बाई म्हणतात जयवंतकडे दिली. माझा फोनही सापडत नाही. बाईंचा त्यांच्या ब्लाउजमध्ये.

इंटरकॉमवरून वॉचमनला सांगितलं, दार उघडून द्या. तो हळुवारपणे बोलला, जसं वेड्याशी बोलतात तसं. मॅडमनी कळवलंय, मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला बाहेर सोडू नका. नंतर इंटरकॉम लागलाच नाही. वायर तुटलेली.

२४ डिसेंबर

ओरडून बघितलं. मजल्यावर कुणी नाही. खाली आवाज जात नाही. खालून टाळ्या तेवढ्या वर येतात.

बाईंवर हात टाकून फोन काढून घेता आला असता. गेले होते जवळ. त्यांनी छाती धरली. खरं की खोटं — मी नर्स आहे, मला कळायला हवं — नाडी बघितली, खरंच उडत होती. पाणी पाजलं. त्यांनी माझा हात कुरवाळला. म्हणाल्या, गुणी चेडू.

आज आबांचा फोन वाजला असेल. कुठे वाजला?

२८ डिसेंबर

बाई अ‍ॅपवर फोन उचलतात. हो. हो. हो.

जयवंत आला होता. किल्लीने उघडून आत आला, परत कुलूप. मी दाराकडे धावले तर त्याने नुसता मध्ये हात धरला. अंगाला लावला नाही. आम्ही कुणाला काही करत नाही, म्हणाला. आम्ही फक्त बघायला येतो. गॅलरीचं दार त्याने उघडून ठेवलं. हवा खेळती राहावी म्हणून —

गॅलरीची जाळी काढून नेली.

३० डिसेंबर

बाईंनी साडी दिली. विहिरीवरची. नेसले नाही. रडल्या. एवढी माणसं, एकदाच येते अशी संधी, नाही म्हणू नये —

झोप नाही. गॅलरीकडे पाठ करून बसते. पाठ केली की वाटतं —

३१ डिसेंबर

सकाळपासून लिफ्ट थांबतेय. हॉलमध्ये माणसं. चपला काढण्याचा आवाज, कितीतरी. मी बाथरूममध्ये. कडी लावलीय. कुजबूज ऐकू येते. कुणीतरी म्हणतंय दुसरा भाग जरा रेंगाळला. कुणीतरी हसलं. त्यात विकासचा आवाज आहे. मी हाक मारली. तो गप्प झाला.

आबा, मी नाही उडी मारणार. हे वाचलंत तर एवढं लक्षात ठेवा, मी स्वतःहून —

बाई दारापाशी आल्यात. हळू बोलतायत. सुरुवातीला सगळ्यांचेच पाय कापतात, म्हणतात, एकदा बाहेर आलं की काही वाटत नाही. ये, लोक थांबलेत.

टाळ्या. एका लयीत. कडीचे स्क्रू हल